‘मूल काहीच खात नाही’ : बालकांच्या आहारसवयी आणि आपले कर्तव्य

बालकाला घेऊन चिकित्सालयात येणाऱ्या मातांच्या तोंडी सर्वाधिक वेळा येणारे वाक्य म्हणजे ‘डॉक्टर, हा काहीच खात नाही’. पाठोपाठ ‘भूक लागेल असे एखादे टॉनिक द्या’ ही मागणी असते. चिकित्सालयाची पायरी न चढता थेट औषधाच्या दुकानात जाऊन हीच मागणी करणाऱ्या पालकांची संख्या तर याहून मोठी आहे. बाटली मिळते, ती संपते, महिन्याभराने दुसरी येते आणि मूल मात्र होते तेथेच राहते. एक ते तीन वर्षे या वयोगटातील या तक्रारीचा शास्त्रीय व व्यवहार्य विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘खात नाही’ हे व्याधीचे नाव नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे. या दोन शब्दांच्या आड तीन भिन्न अवस्था असू शकतात. पहिली अवस्था म्हणजे वयानुसार स्वाभाविक झालेली भूक, जी पालकांना अपुरी वाटते. दुसरी, आहाराचा काल व विधी बिघडल्यामुळे दडपली गेलेली भूक. तिसरी अवस्था खऱ्या व्याधीची. पांडू, कृमी, जीर्ण ज्वर, ग्रहणीदोष इत्यादींमुळे नष्ट झालेली भूक. पहिल्या अवस्थेत औषधाची गरज नाही, दुसरीत आहारविधी हेच मुख्य औषध आहे आणि तिसरीत भूक वाढविणारी बाटली मूळ व्याधीवर पांघरूण घालते. तिन्हींना एकच बाटली देणे हा चिकित्सेचा मार्ग होऊ शकत नाही.

हा प्रश्न किरकोळ समजून सोडून देण्यासारखाही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्ताल्पता आढळली. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती, तर २५.६ टक्के बालकांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. म्हणजे आपल्यासमोर येणाऱ्या ‘न खाणाऱ्या’ बालकांत निरोगी बालके असतील, तशीच खरोखर कृश आणि पांडुग्रस्त बालकेही असणार. ही निवड करणे हे वैद्याचे पहिले काम होय.

वाढीचा वेग आणि भूक

सुश्रुताचार्यांनी बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे तीन गट सांगितले आहेत. एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद आणि त्यानंतर अन्नाद, असा हा क्रम आहे. क्षीरान्नाद अवस्था ही संक्रमणाची अवस्था आहे. दुधाचे प्राधान्य कमी होत जाऊन अन्नाचे वाढत जाणे या काळात अपेक्षित असते. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी नेमक्या याच संक्रमणात अडकलेल्या दिसतात.

याच काळात वाढीचा वेगही मंदावतो. पहिल्या वर्षात बालकाचे वजन जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार मुलाचे मध्यम वजन एक वर्षाच्या वेळी ९.६ किलो, दोन वर्षांच्या वेळी १२.२ किलो आणि तीन वर्षांच्या वेळी १४.३ किलो असते. मुलीचे अनुक्रमे ८.९, ११.५ आणि १३.९ किलो असते. पहिल्या वर्षी सहा किलोंहून अधिक वाढणारे बालक दुसऱ्या वर्षी अडीच किलोंच्या आसपास आणि तिसऱ्या वर्षी त्याहूनही थोडे कमी वाढते. वाढ मंदावली की त्या मानाने भूकही मंदावते. आईला मात्र दहाव्या महिन्यात वाटीभर मऊ भात संपविणारे बाळ आठवत असते, म्हणून तिला ‘पूर्वी खात होता, आता खात नाही’ असे वाटते. तिचे निरीक्षण खरे असते, निष्कर्ष मात्र चुकीचा असतो.

या वयातील बालकाचे एका जेवणाचे प्रमाण दुसऱ्याशी जुळत नाही. सकाळी चार घास खाणारे मूल संध्याकाळी दोन वाट्या खिचडी खाते. दिवसभराचा एकूण आहार पाहिला तर तो बराचसा स्थिर असतो. म्हणून एका ताटावरून निर्णय करू नये, आठवड्याचा विचार करावा.

या सर्वांचा निवाडा करणारे साधन म्हणजे वजनकाटा आणि वाढीचा तक्ता. माता-बाल संरक्षण कार्डावर हा तक्ता छापलेला असतो आणि अंगणवाडीत त्यावर नोंदीही होतात. पालकांना ते कार्ड सोबत आणावयास सांगावे. बालकाची वाढ आपल्या रेषेला धरून वर जात असेल, मूल खेळकर असेल, झोप व मलप्रवृत्ती ठीक असेल, तर पालकांना तक्त्यावर बोट ठेवून दाखवावे. ‘काही होत नाही, खाईल हळूहळू’ या शब्दांनी त्यांचे समाधान होत नाही. वर जाणारी रेषा डोळ्यांनी पाहिली म्हणजे होते.

एका दिवसाचा हिशेब

वजन किंचित मागे आहे, पण व्याधीचे लक्षण नाही, अशा बालकाच्या बाबतीत ‘काय खातो?’ असे न विचारता ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेले?’ असे विचारावे. उत्तर बहुधा पुढील धाटणीचे येते.

दोन वर्षांचे मूल. सकाळी उठताच दीडशे मिली गाईचे दूध साखर घालून. थोड्या वेळाने आजोबांच्या चहाबरोबर चार बिस्किटे. अकरा वाजता रडू लागले म्हणून पुन्हा दूध. दुपारी जेवणाच्या वेळी दोन घास वरणभात, मग तोंड फिरविले. ‘उपाशी कसे झोपवायचे’ म्हणून बाटलीने दूध. चार वाजता कोपऱ्यावरच्या दुकानातील वेफर्सचे लहान पाकीट, त्यानंतर चार बिस्किटे. रात्री दोन घास पोळी आणि झोपताना पुन्हा दूध.

याचा ढोबळ हिशेब करून पाहावा. सहाशे मिली गाईच्या दुधातून सुमारे ४०० किलोकॅलरी, त्यातील चार चमचे साखरेतून ८०, आठ बिस्किटांतून सुमारे १६० आणि वेफर्समधून सुमारे १३०. एकूण ७७० च्या घरात. या वयाच्या बालकाची दिवसाची गरज साधारण १००० ते ११०० किलोकॅलरी असते. म्हणजे ‘काहीच न खाणाऱ्या’ या बालकाने ताटापाशी येण्यापूर्वीच गरजेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग भागविलेला आहे. दूध म्हशीचे असेल तर हा आकडा आणखी वाढतो. असे मूल ताटावर तोंड फिरविते यात नवल ते काय?

चरकाचार्यांनी आहाराच्या राशीचा विचार सर्वग्रह आणि परिग्रह अशा दोन प्रकारे केला आहे. सर्वग्रह म्हणजे एकूण आहाराचे प्रमाण, तर परिग्रह म्हणजे त्यातील एकेका द्रव्याचे प्रमाण. वरील बालकाचा सर्वग्रह फारसा कमी नाही, परंतु परिग्रह पूर्णपणे विस्कटलेला आहे. दूध, साखर आणि मैदा यांनी पोट भरते. डाळ, भाजी, धान्य यांना जागाच उरत नाही. दुधात लोहाचे प्रमाण अत्यल्प असते, शिवाय त्यातील कॅल्शियम व केसीन अन्य अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. गुटगुटीत दिसणारे, दूध भरपूर पिणारे आणि तरीही फिकट असणारे मूल आपण पाहतो, त्याचे कारण येथे आहे.

पूर्वीचे अन्न जिरण्यापूर्वी पुन्हा खाणे याला आपल्या शास्त्रात अध्यशन म्हटले आहे. दर दीड-दोन तासांनी काही ना काही पोटात जात राहिल्यास अग्नीला आपले काम पूर्ण करण्यास अवसर मिळत नाही. बाल्यावस्था ही कफप्रधान. त्यात मधुर, गुरू, शीत द्रव्यांचा असा अखंड मारा झाला की अग्निमांद्य येते. हे अग्निमांद्य केवळ दीपन औषधाने हटत नाही, कारण त्याचा हेतू दिवसातून पाच-सहा वेळा पुन्हा दिला जात असतो. निदानपरिवर्जन प्रथम, औषध नंतर, हा क्रम येथे विशेषत्वाने पाळावा.

अरोचक, भक्तद्वेष आणि अभक्तच्छंद

माधवनिदानाच्या टीकेत अन्न न रुचण्याच्या अवस्थांत जो सूक्ष्म भेद केला आहे, तो बालकांच्या बाबतीत अत्यंत उपयुक्त ठरतो. घास तोंडात घेतल्यावर त्याची चव न लागणे हा अरोचक. अन्नाची आठवण, दर्शन किंवा स्पर्श होताच तिटकारा उत्पन्न होणे हा भक्तद्वेष. क्रोध, भय इत्यादींनी ग्रस्त असल्यामुळे अन्नावर इच्छाच न होणे हा अभक्तच्छंद.

तोंड आलेले, सर्दीने नाक चोंदलेले, तापातून उठलेले मूल घास तोंडात घेऊन बाहेर काढते. तेथे अरोचकाचा विचार करावा. ताट व वाटी पाहताच रडू लागणारे, ओठ घट्ट मिटून घेणारे मूल भक्तद्वेषाचे उदाहरण होय. अशा वेळी जेवण कसे भरविले जाते याची चौकशी अवश्य करावी. मांडीत पाय दाबून, नाक धरून, चमच्याने घशात घास लोटण्याचा प्रकार आजही अनेक घरांत होतो. यात श्वासमार्गात अन्न जाण्याचा प्रत्यक्ष धोका आहे. त्याशिवाय बालकाच्या मनात अन्न आणि भय यांची जोडी कायमची बसते. घरात नवे भावंड आलेले, आई नोकरीवर रुजू झाल्याने नव्याने पाळणाघरात जाऊ लागलेले मूल काही आठवडे अन्नाविषयी उदासीन होते. तेथे अभक्तच्छंद ओळखून धीर द्यावा लागतो. चरक-सुश्रुतांनी अरोचकाच्या प्रकारांत मानस हेतूंना स्वतंत्र स्थान दिले आहे, हे विसरू नये.

याखेरीज दोन वर्षांच्या सुमारास सुरू होणारी नव्या पदार्थांची भीती ही एक स्वाभाविक अवस्था आहे. मूल स्वतः चालू लागते, हाताला लागेल ते उचलू लागते, त्या वयात अनोळखी वस्तू तोंडात घालण्याबाबत ते सावध होते. ही सावधता सुमारे सहा वर्षांपर्यंत कमी-अधिक प्रमाणात राहते. तिला हट्ट समजून तिच्याशी झगडू नये.

आठ आयतनांनुसार मार्गदर्शन

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठ आहारविधिविशेषायतने आपण सर्वांनी अभ्यासली आहेत. पालकांना सल्ला देताना हाच आराखडा समोर ठेवल्यास काही सुटत नाही.

प्रकृती. या वयास लघू, परंतु पोषक द्रव्ये निवडावीत. मुगाची मऊ खिचडी व तूप, मेतकूट-भात, नाचणीचे सत्त्व, ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, राजगिऱ्याच्या लाह्या, कोकण-गोव्याकडील पेज, घावन, पालेभाजी घातलेले मऊ थालीपीठ, हे सर्व घरोघरी होणारे पदार्थ आहेत. मांसाहारी कुटुंबात अंडे, काटे काढलेले मासे अवश्य द्यावेत. महागड्या डब्यांची गरज नाही.

करण. करण म्हणजे संस्कार. दीड वर्षापर्यंत सर्व काही मिक्सरमधून काढून भरविले जाते, ही आजची मोठी अडचण आहे. अशा मुलाला चावणे शिकण्याची संधीच मिळत नाही आणि पुढे गुठळी लागली की ते ओकारी काढते. नऊ-दहा महिन्यांपासून बोटांनी कुस्करलेले, किंचित दाणेदार अन्न द्यावे. मात्र अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, कडक फोडी यांनी गुदमरण्याचा धोका असतो. पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा कुटाच्या रूपात आणि द्राक्ष उभे चिरूनच द्यावे.

संयोग. नवा पदार्थ एकट्याने वाढू नये. बालकाच्या परिचयाच्या पदार्थाशेजारी थोडासा ठेवावा. वरण-पालेभाजीवर लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण वाढते, तर जेवणासोबत किंवा लगेच नंतर दिलेल्या चहाने ते घटते. लहान मुलास चहा देऊच नये.

राशी. वयाच्या प्रत्येक वर्षामागे प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, एवढे वाढणे पुरेसे आहे. लागल्यास मूल पुन्हा मागते. मोठ्यांच्या मापाने भरलेले ताट पाहून मूलही घाबरते आणि ते उरले म्हणून आईही.

देश. घरातील सर्वजण जेवतात तेथेच मुलाला बसवावे. मुलामागे गॅलरीत, जिन्यात, रस्त्यावर वाटी घेऊन फिरणे बंद करावे. पंगतीत बसलेले मूल इतरांचे पाहून खाते, आणि त्या वयात पाहणे हेच शिकणे असते.

काल. तीन जेवणे व मधली दोन खाणी, त्यांच्यात अडीच-तीन तासांचे अंतर. मध्ये केवळ पाणी. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीपर्यंत, तेही पेल्याने आणि जेवणाच्या आधी नव्हे. बाटली एक वर्षानंतर बंद करावी. रात्री झोपेत बाटलीने दूध देण्याने दात किडतात ते वेगळेच. स्तन्यपान चालू असल्यास ते दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे, फक्त जेवणाच्या अगदी तोंडावर देऊ नये.

उपयोगसंस्था. अन्नावर मन ठेवून, फार घाईने नव्हे आणि फार रेंगाळतही नव्हे, अशा प्रकारे जेवावे असे आचार्यांनी सांगितले आहे. मोबाइल दाखवीत भरविलेल्या बालकाचे मन अन्नावर नसते. त्याला चवही कळत नाही आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक वर्षाच्या बालकास पडद्यासमोर बसवूच नये, तर दोन ते चार वर्षांच्या बालकास दिवसाकाठी एक तासाहून अधिक बसवू नये. जेवणाची वेळ वीस ते तीस मिनिटांची ठेवावी. नंतर रागावल्याशिवाय ताट उचलावे आणि पुढच्या ठरल्या वेळेपर्यंत काही देऊ नये.

उपयोक्ता. शेवटी खाणारा बालक आहे. त्याच्या हातात घास द्यावा, सांडू द्यावे. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते. काय, केव्हा आणि कोठे द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे बालकाने ठरवावे. आपल्या घरांत बहुधा याच्या उलट घडते. काय व केव्हा हे मूल ठरविते आणि किती हे आजी ठरविते.

पादांशिक क्रम

अपथ्याचा त्याग आणि पथ्याचा स्वीकार पाव-पाव अंशाने करावा, हा चरकोक्त पादांशिक क्रम बालकांच्या बाबतीत तंतोतंत लागू पडतो. सहाशे मिली दूध घेणाऱ्या मुलाचे दूध एका दिवसात तोडू नये. प्रथम अकरा वाजताचे दूध बंद करून तेथे केळे किंवा उकडलेले रताळे द्यावे. चार-पाच दिवसांनी दुपारच्या बाटलीची पाळी. बिस्किटांचा डबा मात्र घरात आणणेच थांबवावे. समोर दिसत असताना नाकारणे हे बालकावर अन्याय करणारे आहे.

नव्या भाजीबाबतही हाच संयम हवा. सतत सेवनाने जे सात्म्य होते त्यास आपण ओकसात्म्य म्हणतो. लीन बर्च यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन वर्षांच्या बालकांवरील अभ्यासात, अनोळखी पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखावयास दिला तितकी त्याची आवड वाढत गेली, असे आढळले. व्यवहारात एखादा पदार्थ स्वीकारण्यास दहा-पंधरा वेळा तो समोर यावा लागतो. आपल्याकडे दुधी दोन वेळा नाकारला की ‘याला दुधी आवडत नाही’ असा शिक्का बसतो आणि पुन्हा तो वाढला जात नाही. दर दोन-तीन दिवसांनी चमचाभर वाढावा, खाल्ला तर कौतुकाचा गाजावाजा नको, न खाल्ला तर दटावणी नको. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ या लालुचीने चॉकलेट अधिक प्रिय व भाजी अधिक अप्रिय होते.

पहिले आठ-दहा दिवस मूल अधिक चिडेल, काही जेवणे टाळील, हे पालकांना आधीच सांगून ठेवावे. न सांगितल्यास चौथ्या दिवशी बाटली परत येते. पुढील भेटीस घरातील ज्येष्ठ व्यक्तीलाही बोलवावे. मूल न जेवल्याचा दोष बहुतेक घरांत सुनेच्या माथी मारला जातो आणि त्या दडपणाखाली ती बळजबरीने भरविते. वैद्यांनी सासू-सासऱ्यांसमोर वाढीचा तक्ता ठेवून दोन शब्द बोलले, तर त्या माऊलीचा अर्धा भार उतरतो. आई निश्चिंत झाली की मूल जेवू लागते, हा अनुभव अनेक वैद्यांना असेल.

औषधयोजना

आहारविधी सुधारूनही जिव्हा साम, मल पिच्छिल व दुर्गंधित, उदर आध्मात असल्यास दीपन-पाचन अवश्य द्यावे. बालचातुर्भद्र, मुस्ता, अतिविषा यांचा उपयोग आपणांस परिचित आहे. मर्यादित काळ, वयानुसार मात्रा आणि पुनर्तपासणी ही त्रिसूत्री पाळावी. कृमींची शंका असल्यास तदनुसार चिकित्सा करावी. राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत मिळणारी गोळी मुलाने घेतली आहे का, हेही विचारावे.

काश्यपांनी आहाराला महाभैषज्य म्हटले आहे आणि लेहन कोणास द्यावे, कोणास देऊ नये, याचा स्वतंत्र विचार केला आहे. मंदाग्नी बालक लेहनास अयोग्य मानले आहे, ही बाब मननीय आहे. भूक नाही म्हणून साखरयुक्त अवलेह चाटविणे म्हणजे विझत्या चुलीवर ओले लाकूड ठेवणे होय. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, हे ध्यानात घेऊन ती लहान बालकांत महिनोन्‌महिने चालू ठेवू नयेत. पारद इत्यादी घटक असलेले रसकल्प केवळ भूक वाढविण्यासाठी बालकांस देण्याचे समर्थन करता येत नाही.

मधाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाखालील अर्भकाच्या आतड्यात ते वाढून प्राणघातक पक्षाघात होऊ शकतो. यास्तव एक वर्षापर्यंत कोणत्याही चाटणात वा गुटीत मधाचे अनुपान देऊ नये. मातृस्तन्य किंवा तूप वापरावे.

फिकटपणा आढळल्यास हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या २०१८ च्या कार्यक्रमांतर्गत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांस आठवड्यातून दोनदा एक मिली लोह-फॉलिक आम्लाचे सिरप देण्याची योजना आहे. ते चालू असल्यास बंद करावयास सांगू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

पालकांची पहिली भेट अनेकदा वैद्याशी न होता आपल्याशी होते, म्हणून आपली जबाबदारी थोडी अधिक आहे. भुकेच्या सिरपची मागणी आल्यास चार प्रश्न विचारावेत. मुलाचे वय काय? गेल्या तीन महिन्यांत वजन केले आहे का? दिवसाला दूध किती पिते? ताप, जुलाब, खोकला, वजन घटणे असे काही आहे का? या प्रश्नांना दोन मिनिटेही लागत नाहीत आणि कोणाला वैद्याकडे पाठवावे ते कळते.

सायप्रोहेप्टाडीनयुक्त सिरप ही मूळची ॲलर्जीविरोधी औषधे असून त्यांनी गुंगी येते. दोन वर्षांखालील बालकांत त्यांची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. ती वैद्यकीय चिठ्ठीविना देऊ नयेत. तसेच अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या आयुर्वेदीय औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना असते, ती फळीवर ठेवण्याआधी आपणही वाचावी.

दुधात घालण्याच्या माल्टयुक्त पावडरींबाबतही सावध राहावे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-व्यापार कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्याची सूचना केली होती. डब्यावरील साखरेचे प्रमाण ग्राहकाला वाचून दाखविणारा विक्रेता एक डबा गमावील, पण तेच कुटुंब पुढची वीस वर्षे त्याच्या दुकानात येईल.

तत्काळ पुढे पाठविण्याची लक्षणे

पुढीलपैकी काहीही आढळल्यास आहारसल्ल्यावर न थांबता तपासणी करावी अथवा बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे : तीन महिन्यांत वजन न वाढणे किंवा तक्त्यावरील रेषा खाली वळणे, सहा महिन्यांवरील बालकाच्या दंडाचा घेर १२.५ सेंमीहून कमी असणे. गिळताना ठसका, वेदना, वारंवार उलटी. दोन आठवड्यांहून अधिक काळ ताप, खोकला वा अतिसार. घरात क्षयाचा रुग्ण असणे. तळहात व ओठ फिकट दिसणे. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणे. दोन-तीनच पदार्थांवर अडून बसणे आणि सोबत बोलण्यात वा नजरानजर करण्यात मागे असणे. दंडाचा घेर ११.५ सेंमीहून कमी असल्यास ते तीव्र कुपोषण होय. अशा बालकास पोषण पुनर्वसन केंद्राची वाट दाखविण्यात विलंब करू नये. मृद्भक्षणजन्य पांडूचे वर्णन चरकांनी स्वतंत्रपणे केले आहे. माती खाणाऱ्या बालकाकडे ‘सवय आहे’ म्हणून दुर्लक्ष करणाऱ्या पालकांना हे सांगावे.

समारोप

एक ते तीन वर्षांच्या या काळात जी रुची घडते ती पुढे दीर्घकाळ टिकते. त्या काळात मूल दूध, साखर आणि मैद्यावर स्थिरावले तर पुढील स्थौल्य आणि पांडू या दोन्हींची बीजे तेथेच पेरली जातात. आपल्या शास्त्राने आहाराला औषधाहून वरचे स्थान दिले आहे. ते केवळ व्याख्यानात न सांगता चिठ्ठीवर उतरले पाहिजे. यापुढे ‘मूल खात नाही’ अशी तक्रार आली की प्रथम वजन, मग दिवसाचा हिशेब, मग आहारविधी आणि शेवटी आवश्यक तर औषध, असा क्रम सर्वांनी ठेवावा. चिठ्ठीवर पहिल्या ओळीत दुधाचे माप व जेवणाच्या वेळा लिहाव्यात आणि एका महिन्याने वजनासाठी पुन्हा बोलवावे, एवढी विनंती.